बंगळूरची वाटणी आणि ऐतिहासिक चित्रपट

राजघराण्यातील प्रणय आणि भाऊबंदकी या दोन सूत्रांवर मराठी ऐतिहासिक नाटकाचा व त्यामागून आलेल्या चित्रपटाचा मोठा भार राहिला आहे. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’त (1909) चुलत्या-पुतण्यांच्या कलहाला आनंदीबाईंच्या महत्त्वाकांक्षेने धार येते, भालजी पेंढारकरांच्या ‘थोरातांची कमळा’त (1941) संभाजीराजांभोवतीची प्रेमकथा इतिहासाला व्यापून टाकते. प्रणयाने कथा फुलवावी आणि स्त्रीच्या ईर्ष्येने वैर पेटवावे, हा साचा प्रेक्षकांच्या अंगवळणी पडला. भोसले घराण्याच्या बंगळूर-प्रकरणाला तो लावून पाहिला, की त्याची मर्यादा ध्यानात येते.

1638 मध्ये रणदुल्लाखानाच्या मोहिमेत केंपेगौडाकडून बंगळूर विजापूरकरांकडे आले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीचे ठाणे झाले. येथील दरबार विद्येचाही आश्रयदाता होता. जयराम पिंड्ये यांचे ‘राधामाधवविलासचंपू’ हे काव्य त्याची साक्ष देते. या घराण्यातील विवाहांत मात्र प्रणयाराधनाला फारसा अवकाश नव्हता. 1640 मध्ये सईबाईंशी विवाह झाला तेव्हा शिवाजीमहाराज अवघे दहा वर्षांचे होते. सोयरीक हा घराण्यांमधील करार होता. तेथे प्रेमकथा कल्पिणे म्हणजे त्या काळाला आपला चेहरा चिकटविणे होय.

भाऊबंदकी मात्र खरी होती. महाराज जिजाबाईंचे पुत्र, व्यंकोजीराजे तुकाबाईंचे. 1664 मध्ये शहाजीराजे निवर्तल्यावर कर्नाटकातील दौलत व्यंकोजींच्या हाती राहिली आणि पुढे तंजावरही त्यांनी घेतले. 1677 च्या दक्षिण-स्वारीत तिरुमळवाडी येथे बंधूंची भेट झाली. महाराजांनी पित्याच्या दौलतीतील वाटा मागितला आणि व्यंकोजी रात्रीच छावणी सोडून निघून गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी महाराजांच्या सैन्यावर चाल केली, पण त्यांना यश आले नाही.

साच्याप्रमाणे येथे एकाचा विजय आणि दुसऱ्याचा विनाश व्हायला हवा होता. झाला तो तह. व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाईंनी पतीला समेटाकडे वळविले. रघुनाथपंत हणमंते यांनी मध्यस्थी केली. तहात बंगळूर व लगतचे काही महाल महाराजांनी दीपाबाईंना चोळीबांगडीसाठी दिले. पुढे खिन्न होऊन विरक्तीकडे झुकलेल्या भावाला महाराजांनी कर्तव्याची आठवण देणारे पत्रही लिहिले.

‘चोळीबांगडी’ या शब्दातच या प्रसंगाचे नाट्य साठलेले आहे. भावाकडून हक्काने मागितलेला मुलूख भावजयीला आहेर म्हणून दिला, की देणाऱ्याचे वडीलपण राहते आणि घेणाऱ्याला पराभवाचा सल उरत नाही. राजनीतीने येथे नात्याची भाषा स्वीकारली. ती साधली, कारण एका स्त्रीने वैर विझविण्याचे शहाणपण दाखविले. आनंदीबाईंच्या शेजारी दीपाबाईंना उभे केले, म्हणजे रूढ साच्याने इतिहासाचा केवढा भाग गाळला हे उमगते.

हे दान टिकले मात्र थोडाच काळ. 1687 मध्ये मोगल सेनापती कासिमखानाने बंगळूर घेतले आणि म्हैसूरच्या चिक्कदेवराजाने ते मोल देऊन आपलेसे केले. शहर गेले, कलमातला तो घरगुती शब्द राहिला. ऐतिहासिक कलाकृतीचे सत्य पोशाखाच्या अचूकपणापेक्षा अशा शब्दांच्या जाणिवेत असते. व्यंकोजींना खलपुरुष ठरविणे लेखकाला सोपे आहे. दोन भाऊ आपापल्या परीने न्याय्य असताना त्यांच्यातला तह रंगविणे कठीण आहे. त्या काळाशी प्रामाणिक राहायचे तर लेखकाला हेच कठीण काम पत्करावे लागेल.