धोटा, धागा आणि मुकादमाचा हात

धाम नदीच्या पुलावरून एसटी गेली की बाहेरगावचा माणूस खिडकीतून बोट दाखवतो : तो बघा विनोबांचा आश्रम. मी त्याच पवनारचा. आमच्या गावाचा इतिहास पुष्कळांनी लिहिला. वाकाटकांचं प्रवरपूर ते हेच, असं मिराशींनी मांडलं. १९४० साली वैयक्तिक सत्याग्रह इथूनच सुरू झाला, पहिले सत्याग्रही विनोबा. राजे झाले, ऋषी झाले. पण डबा घेऊन पहाटेच्या पाळीला निघणाऱ्या माणसाचा इतिहास कुठं सापडला नाही. म्हणून मीच लिहायला बसलो. शाळा दहावीपर्यंत, पुढचं सारं वाचनालयात आणि रात्रपाळीच्या सुट्टीत. चुकलं तर सांगा.

लिहिण्याचं कारण आधी सांगतो. मी एका सूतगिरणीत रिंगफ्रेमवर आहे. गिरणीचं नाव इथं घेत नाही. गेल्या हिवाळ्यात रात्रपाळीत ठेकेदाराच्या माणसानं एका बदली कामगाराच्या थोबाडीत मारली. हा काका पन्नाशीचा, आपल्याच वस्तीतला. बाबिणी भरलेली ढकलगाडी त्यानं चुकीच्या साच्यापाशी उभी केली होती, एवढंच. मारताना तोंडातून जे निघालं ते जातीचं नाव होतं. नऊ जणांनी पाहिलं. त्यातला एक मी. सगळे पुन्हा तार सांधायला लागले. तुटलेला तार सांधायला मला डोळे लागत नाहीत, पण त्या रात्री बोटांना तो सापडेना.

पाळी सुटल्यावर काका म्हणाला, "काऊन रे, तू पाह्यलं ना?"

मी म्हणालो, "मी साच्याच्या मागं होतो काका, मले नाही दिसलं."

खोटं होतं. तेव्हापासून मी एकच गोष्ट शोधतोय. कामाच्या जागी हात उगारला जातो तो येतो कुठून, आणि आपण गप्प का बसतो?

साथींनो, तो हात रागातून येतो असं आपल्याला सांगतात. सुपरवायझर तापट आहे, दारू प्यायला होता, उत्पादनाचं टेन्शन होतं. पण हाच तापट माणूस मॅनेजरसमोर कधी तापत नाही. राग कुणावर काढायचा हे तो आधीच ठरवून येतो. ते कसं ठरतं हे कळण्यासाठी मुंबईच्या गिरण्यांत जावं लागतं.

तिथं कापडखात्यात, म्हणजे मागावर, मजुरी जास्त. सूतखात्यात कमी. अस्पृश्य कामगार सूतखात्यात चालत, कापडखात्यात नाही. कारण एवढंसं होतं. धोट्यातली कांडी संपली की नवी घालायची, आणि धाग्याचं टोक धोट्याच्या भोकाला तोंड लावून श्वासानं ओढून घ्यायचं. एकच धोटा अनेक तोंडांना लागणार. म्हणून महाराचं तोंड तिथं नको. सवर्ण कामगार म्हणायचे, आम्ही बाटतो. इंग्लंडातही धोटा असाच तोंडानं ओढत. तिथल्या कामगारांची तक्रार होती रोगाची : थुंकीतून आजार पसरतो, छातीत पीस जातं, ही पद्धतच बंद करा. पुढं हातानं ओवायचे धोटे निघाले. आपल्याकडे पद्धत बंद करा असं म्हणण्याऐवजी माणूस बंद केला. विटाळ महत्त्वाचा, फुफ्फुस नाही!

आणि हे कुणाच्या बाबतीत? आमच्या नागपूर-वर्ध्याकडचे महार पिढ्यान्पिढ्या जाडंभरडं कापड विणत आले. मागावर बसणं हा त्यांचा धंदाच होता. १ जानेवारी १८७७ ला नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, मागोमाग हिंगणघाटला, पुलगावला गिरण्या निघाल्या, आणि गिरणीच्या कपड्यानं हातमाग खाल्ला. विणणारा माणूस मजूर झाला. ज्याच्या आज्यानं अख्ख्या गावाला कापड पुरवलं त्याचा नातू मुंबईला गेला, तर त्याला मागाजवळ उभं राहू देत नव्हते.

१९२८ च्या मोठ्या संपात दीडेक लाख कामगार सहा महिने बाहेर होते. पुढारी लाल बावट्याचे. बाबासाहेबांनी त्यांना सांगितलं, कापडखात्याची दारं अस्पृश्यांना उघडा ही मागणी यादीत घाला, नाहीतर आमची माणसं संपात राहणार नाहीत. मागणी गेली, पण नाखुशीनं. मालकांनी वर हात केले : हा अन्याय असला तरी आम्ही केलेला नाही. आणि खरं सांगायचं तर त्यात ते पूर्ण खोटंही बोलत नव्हते. दार अडवून उभा होता तो बाजूचाच कामगार. लाल बावट्याच्या आपल्या मित्रांना हे आजही ऐकवत नाही. मला त्यांच्याशी भांडायचं नाही, पण त्यांनी हे पान फाडून पुढं जाऊ नये.

दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९३८ मध्ये, मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. तिथं बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले : ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. हे वाक्य आपल्या पोरांना पाठ आहे. त्याच भाषणातली उदाहरणं मात्र फार कुणी वाचत नाही. रेल्वेत आपला माणूस गँगमन म्हणून लागायचा आणि गँगमन म्हणूनच निवृत्त व्हायचा. पोर्टर होता येत नसे. का? तर स्टेशनमास्तर पोर्टरला घरकामाला वापरायचा, आणि घरात विटाळ चालत नाही. मुकादम तर नाहीच नाही. आता ताडून बघा. ज्याला मुकादम होताच येत नाही, त्याच्यावर मुकादम कायम दुसऱ्याचाच असणार. मग हात उगारायला राग कशाला लागतो? जागा ठरलेली असली की पुरतं.

मुकादमाचा, म्हणजे जॉबरचा हात लांब होता. कामाला तोच लावणार, तोच काढणार. पगारातून दस्तुरी घेणार. बायका खात्यात असतील तर त्यांच्याबाबत काय होत असेल ते मी लिहायला नको. १९३१ च्या व्हिटली कमिशननं या जॉबरशाहीवर स्पष्ट ठपका ठेवला. १९३५ पासून मुंबईत बदली कामगारांना कार्डं देऊन कामावर घेण्याची पद्धत सुरू झाली, म्हणजे रोज सकाळी दारात उभं राहून जॉबरचं तोंड बघायला नको. जॉबर काही एका रात्रीत संत झाला नाही. पण कार्ड हातात आलं तशी त्याची पकड ढिली होऊ लागली. कागद दुबळ्याच्या बाजूनं कधीमधी असा उभा राहतो. आणि आज माझ्या गिरणीत बदली कामगार ठेकेदाराच्या फोनवर येतो, फोनवर जातो. कार्ड नाही, काही नाही. फिरून आपण १९३५ च्या अलीकडे आलो.

कामठीचे बाबू हरदास एल. एन. 'जयभीम'मुळे आपल्याला माहीत. पण ते विडी कामगारांत काम करत होते, त्यांची सहकारी संस्था काढत होते, हे किती जणांना माहीत? विडीच्या धंद्यात कुणी थोबाडीत मारत नाही. ठेकेदार शंभर विड्यांतून वीस 'छाट' म्हणून बाजूला काढतो, पैसे देत नाही, आणि विड्याही परत देत नाही. बाई दिवसभर बसून वळते आणि संध्याकाळी मान खाली घालून उठते. हरदास १९३९ साली क्षयानं गेले, वय उणंपुरं पस्तीस. विडी कामगारांसाठी वेगळा कायदा आला तो १९६६ ला.

आता माझ्या गावाकडे येतो. १९४६ साली विनोबा पवनारहून रोज तीन मैल चालत सुरगावला जायचे आणि भंगीकाम करायचे. खांद्यावर फावडं. हे मोठंच होतं, नाही म्हणण्यात अर्थ नाही. किती ब्राह्मणांनी केलं? पण माझं मन एका ठिकाणी अडतं. विनोबा संध्याकाळी आश्रमात परत येत. ज्याचं ते जन्माचं काम होतं तो कुठं परत जाणार? मैला उचलणं पवित्र आहे असं त्याला सांगून त्याच्या डोक्यावरची पाटी हलकी होत नव्हती. ती पाटी काढून घेणारा कायदा १९९३ ला आला, मग २०१३ ला दुसरा. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं गटारात मेलेल्यांच्या घरच्यांना दहा लाख द्या म्हटलं, २०२३ मध्ये तीस लाख. पेपरात मात्र 'गुदमरून अपघाती मृत्यू' असंच छापून येतं. दोरी, मुखवटा, काही न देता माणूस खाली सोडला, याला अपघात म्हणायचं? थोबाडीत मारणारा निदान समोर तरी दिसतो.

बायांचं तर आणखी निराळं. राजस्थानात भटेरी गावची भंवरीदेवी, जातीनं कुंभार, सरकारी योजनेत 'साथिन' म्हणून तुटपुंज्या मानधनावर होती. बालविवाह थांबवणं हे तिचं कामच. ते केलं म्हणून १९९२ मध्ये तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ ला आरोपी सुटले. वरच्या जातीचे पुरुष खालच्या जातीच्या बाईला शिवणार नाहीत, असला तर्क निकालात होता. मागावर चालत नाही, घरात चालत नाही, आणि कोर्टात तोच विटाळ आरोपीच्या सुटकेला चालतो! तिच्या प्रकरणातून पुढं १९९७ चा विशाखा निकाल आला, आणि २०१३ चा कायदा. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं तक्रार समिती हवी, बाकीच्यांसाठी जिल्ह्याची समिती. आमच्या खात्यात पंधरा बाया आहेत. समिती कुठं बसते विचारलं, तर एक जण हसली.

३ फेब्रुवारी २०२० ची सकाळ आमच्या जिल्ह्यात कुणी विसरणार नाही. हिंगणघाटच्या नंदोरी चौकात, कॉलेजात शिकवायला निघालेल्या मुलीला भर रस्त्यात पेट्रोल टाकून पेटवलं. आठवड्यानं ती गेली. दोन वर्षांनी, १० फेब्रुवारी २०२२ ला, आरोपीला जन्मठेप झाली. ती कामावर जात होती. २०१३ चा कायदा मालकानं दिलेल्या गाडीला कामाची जागा धरतो. पायी जाणारी, एसटीनं जाणारी बाई त्यात बसत नाही. २०१९ साली जिनिव्हाला जागतिक कामगार संघटनेनं जो करार केला, त्यात कामावर जाण्यायेण्याचा रस्ताही धरलेला आहे. सहा वाजताच्या पाळीला अंधारात निघणाऱ्या बाईला हे कुणी समजावून सांगायला नको.

इतकं वाचलं आणि शेवटी अ‍ॅट्रॉसिटीच्या कायद्यापाशी आलो. १९८९ चा. जातीवरून शिवी दिली तर तो विचारतो : लोकांच्या नजरेसमोर दिली का? म्हणजे बाबासाहेबांच्या घटनेखाली झालेला कायदासुद्धा आधी डोळे मागतो. नऊ जोड्या डोळे होते तिथं. त्यातली एक माझी, आणि मी म्हणालो होतो की मी साच्याच्या मागं होतो.

मागच्या रविवारी काकाच्या घरी गेलो. खरं ते सांगितलं. काका काही बोलला नाही, काकूनं चहा ठेवला. मग तो म्हणाला, "तुले काढतीन रे बाबू." मी म्हणालो, काढू दे. म्हणालो खरं, पण घरी बहिणीचं लग्न आहे, आणि रात्री झोप लागली नाही.

अर्ज मी लिहिला, अक्षर माझं बरं आहे. काकाची सही, खाली साक्षीदार म्हणून माझी. आणखी दोघं तयार झाले. एक कुणबी आहे, हे मुद्दाम लिहून ठेवतो. सहा जण अजून साच्यामागंच आहेत. सोमवारी अर्ज एक प्रत पोलीस ठाण्यात, एक कामगार अधिकाऱ्याच्या ऑफिसात दिला. दोन्हीकडे पोच घेतली, शिक्क्यासकट. ती माझ्या खिशात आहे, आणि आज रात्री दहाला माझी पाळी आहे.