शिरपूर, पण कोणते?

#थ्रेड

शिरपूर जैन येथे एखाद्याने नवे भोजनालय काढले, असे समजू. पुण्यात बसून यात्रेचा बेत आखणाऱ्याने फोनला विचारले, “शिरपूरमध्ये जेवण कुठे मिळेल?” उत्तरात धुळे जिल्ह्यातील शिरपूर येण्याचाच संभव अधिक. तालुका सांगूनही सुटका नाही. हे गाव मालेगाव तालुक्यातले, आणि मालेगाव म्हटले की बहुतेकांना नाशिक जिल्हाच आठवतो!

हा पेच वऱ्हाडाला जुनाच. त्यावरचा उपाय म्हणजे जोडनाव. चांदूर बाजार आणि चांदूर रेल्वे, देऊळगाव राजा आणि देऊळगाव मही. वाशिम जिल्ह्यातले कारंजा ‘लाड’, तर वर्धा जिल्ह्यातले ‘घाडगे’. चांदूरच्या ‘रेल्वे’चे वय तर सहज ताडता येते, कारण या भागातून जाणारा लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. शिरपूरच्या ‘जैन’मागे अंतरिक्ष पार्श्वनाथाचे मंदिर आहे. पंथीय वादामुळे १९८१ पासून बंद असलेले हे मंदिर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ मध्ये उघडले. त्यामुळे परगावच्या यात्रेकरूने नेमके हेच शिरपूर शोधणे ही इथल्या नव्या दुकानदारासाठी पोटापाण्याची बाब आहे.

कोतवालाच्या दवंडीत गावाचे नाव घ्यावे लागत नसे, कारण ऐकणारे गावचेच असत. जोडनाव लागते ते परक्याला.

टपाल खात्याने ही अडचण आकड्यांनी सोडवली. संस्कृत पंडित आणि टपाल अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा अंकी पिनकोड आला. आपले शिरपूर ४४४ मध्ये, धुळ्याचे ४२५ मध्ये. पत्रे चुकेनाशी झाली.

२०१७ मध्ये गूगलचा आवाजी शोध मराठीत आला आणि गाडी पुन्हा नावावर आली; बोलताना पिनकोड कोण उच्चारतो? म्हणून नकाशावरील मोफत नोंदीत ‘शिरपूर जैन, तालुका मालेगाव, जिल्हा वाशिम’ असा पूर्ण पत्ता हवा. व्यवसायाचा प्रकार, वेळा आणि फोन अचूक हवेत. वर्णनात ‘खानावळ’, ‘जैन जेवण’ असे गिऱ्हाइकाच्या तोंडचे शब्द असावेत. मात्र शोधात वर यावे म्हणून नावात गाव घुसडणे गूगलच्या नियमात बसत नाही. नोंदीतले नाव प्रत्यक्ष पाटीशी जुळावे लागते. नव्या दुकानदाराची पाटी अजून रंगायची असते. त्याला खरोखरच ‘शिरपूर जैन भोजनालय’ असे नाव ठेवायचे असेल, तर रंगाऱ्याला बोलावण्यापूर्वीच ते ठरवावे.