केर्नगॉर्म : एका धूम्रवर्णी स्फटिकाचा नामेतिहास

धूम्रवर्णी स्फटिकाच्या नावांचा इतिहास पाहू लागले की त्याचे कोणतेही नाव वस्तूशी नीटसे जुळत नाही, हे प्रथम ध्यानात येते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात प्लिनीने आपल्या निसर्गेतिहासाच्या ३७ व्या ग्रंथात भारतातून येणाऱ्या, अतिशय काळ्या तरीही प्रकाश आरपार जाऊ देणाऱ्या 'मॉर्मोरिऑन' नामक खड्याचा उल्लेख केला. आरंभीच्या मुद्रित आवृत्त्यांत अपपाठाने त्याचे 'मोरिऑन' झाले आणि खनिजशास्त्रात काळ्याकुट्ट स्फटिकासाठी तोच अपपाठ रूढ झाला. पाठचिकित्सेच्या अभ्यासकाने या उदाहरणाची दखल अवश्य घ्यावी. जवाहिऱ्यांनी याच खड्याला 'धुरकट पुष्कराज' म्हटले. वास्तविक पुष्कराजाचे काठिण्य ८, स्फटिकाचे ७, आणि दोहोंची घटकद्रव्येही भिन्न.

अधिक गुंतागुंतीचे नाव 'केर्नगॉर्म' हे होय. स्कॉटलंडमधील ज्या शिखरावरून ते आले, त्याच्या गेलिक नावाचा अर्थ 'निळा डोंगर'. त्यातही 'गॉर्म' हा शब्द गेलिकमध्ये गवताच्या हिरवेपणालाही चालतो. ज्या पर्वतराजीत हे शिखर आहे तिचे जुने गेलिक नाव मात्र 'तांबूस डोंगर' असे आहे. खडा निळाही नाही, तांबडाही नाही, तो तपकिरी. हा रंग तेथील ग्रॅनाइटची देणगी होय. स्फटिकातील काही सिलिकॉन-अणूंची जागा ॲल्युमिनियमने घेतलेली असते. भोवतालच्या खडकातील किरणोत्सर्गाने तेथील एखादा इलेक्ट्रॉन निखळतो आणि प्रकाश शोषला जाऊ लागतो. काही शे अंश तापविल्यास हा रंग उडून जातो.

१८२२ मध्ये चौथा जॉर्ज एडिंबरोला आला, तेव्हा वॉल्टर स्कॉटने त्याच्या स्वागतास हायलंडी वेशाचा थाट दिला. पुढे १८५२ मध्ये बॅल्मोरल राजघराण्याकडे आले आणि प्लेडवरील ब्रोच व सुरीच्या मुठी यांवर हा खडा मिरवू लागला. 'द इन्व्हेन्शन ऑफ ट्रॅडिशन' (१९८३) मध्ये ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी किल्टच्या कथित प्राचीनतेची जी चिकित्सा केली, ती या खड्याला जशीच्या तशी लावता येणार नाही, असे आम्हांस वाटते. किल्टच्या बाबतीत वाद वस्तूच्या प्राचीनतेचा होता. येथे नाव त्याच डोंगराचे राहिले आणि दगड बदलला. डोंगरातला साठा मागणीपुढे तोकडा पडला, आणि आज त्या नावाने विकले जाणारे खडे बहुधा ब्राझीलमधून आलेले असतात.