नाताळची खेळणी : लाकडी बैलगाडीपासून बोलक्या अस्वलापर्यंत

नाताळ जवळ आला की आपल्या घरांत दोन तयाऱ्या एकाच वेळी सुरू होतात. एकीकडे गोठ्यासाठी गवत, माती, कागद आणि चांदणी यांची जमवाजमव होते. दुसरीकडे मुलांना यंदा काय द्यावे याचा विचार सुरू होतो. या दुसऱ्या तयारीवर पैसा बराच खर्च होतो, परंतु विकत घेतलेली वस्तू कोठून आली, ती मुलाकडून काय करून घेते आणि तिच्यात काही धोका आहे काय, हे पाहायला सवड मिळत नाही. त्याविषयीची काही माहिती आम्ही येथे एकत्र देत आहोत.

मुलांना भेट देण्याची प्रथा मुळात २५ डिसेंबरची नव्हे. चौथ्या शतकात मायरा (आजचे तुर्कस्तान) येथे महागुरू असलेले संत निकोलस यांचा सण ६ डिसेंबरला येतो. एका गरीब पित्याच्या तीन मुलींची लग्ने व्हावीत म्हणून त्यांनी रात्री गुपचूप त्याच्या घरात सोन्याच्या थैल्या टाकल्या, अशी आख्यायिका आहे. तिच्या स्मरणार्थ नेदरलँड्समध्ये ५ डिसेंबरच्या सायंकाळी मुलांना भेटी मिळतात. इटलीतील बर्गामो व व्हेरोना या भागांत १३ डिसेंबरला संत लुसियाच्या नावाने खेळणी येतात, तर स्पेनमधील मुले ६ जानेवारीला येणाऱ्या तीन राजांची वाट पाहतात. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेच्या चळवळीने संतांच्या सणांना विरोध केला, तेव्हा जर्मन प्रदेशात हा दिवस नाताळकडे सरकला आणि भेट आणणारा बाळ येशू आहे असे मुलांना सांगितले जाऊ लागले. गंमत अशी की, प्रोटेस्टंटांनी रूढ केलेली ही कल्पना पुढे कॅथलिक बव्हेरिया व ऑस्ट्रियात घट्ट रुजली.

लाकडाचा काळ

नाताळच्या खेळण्यांचे जुने माहेरघर म्हणून जर्मनीतील सायफेन या डोंगराळ गावाचा उल्लेख करावा लागेल. तेथील लोक मूळचे कथिलाच्या खाणीत राबणारे. खाणींतील उत्पन्न आटू लागले तेव्हा त्यांनी लेथ हाती घेतला. लाकडाचे एक जाड कडे असे कातायचे की ते केकसारखे उभे कापले असता प्रत्येक तुकड्यातून घोड्याची किंवा मेंढीची आकृती बाहेर पडावी, ही त्यांची युक्ती. एका कड्यातून अशी कितीतरी जनावरे निघत आणि घरातील बायकामुले ती रंगवीत. या जनावरांनी भरलेले नोहाचे तारू एकोणिसाव्या शतकात युरोपभर गेले. बायबलमधील खेळणे असल्यामुळे, रविवारी इतर खेळण्यांना बंदी असलेल्या कडक शिस्तीच्या घरांतही ते चालत असे.

आपल्याकडे हेच काम सावंतवाडीच्या चितारआळीने केले. लाकडाची हुबेहूब फळे, भाज्या, भातुकलीची भांडी, बैलगाड्या, रंगीत पाट ही तेथील ओळख. आज सावंतवाडी हे सिंधुदुर्ग धर्मप्रांताचे केंद्र आहे, त्यामुळे तेथे जाणे-येणे असलेल्या आपल्या वाचकांना ही आळी परिचित असेल. लाकडी केळे किंवा आंबा हाती आला की मूल त्याचा बाजार मांडते, गिऱ्हाईक शोधते, भाव करते. खेळणे गप्प असते. बोलायचे काम मुलाला करावे लागते.

बांधणारी मुले

विसाव्या शतकाच्या प्रारंभी कारखान्यातील खेळण्याने लाकडाची जागा घेतली. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ मध्ये छिद्रे असलेल्या धातूच्या पट्ट्या आणि नट-बोल्ट यांच्या संचाचे पेटंट घेतले. तोच पुढे मेकॅनो या नावाने प्रसिद्ध झाला.

टेडी अस्वलाची कथा अधिक रंजक आहे. १९०२ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी मिसिसिपी येथील शिकारीत बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडण्यास नकार दिला. त्यावरील व्यंगचित्र वृत्तपत्रात आले आणि ब्रुकलिनमधील दुकानदार मॉरिस मिचटम यांनी कापडी अस्वल करून त्याला अध्यक्षांचे लाडके नाव दिले. त्याच सुमारास जर्मनीत मार्गारेटे श्टाइफ यांच्या कारखान्यातही तसेच अस्वल तयार होत होते. या बाईंना बालपणी पोलिओ झाला होता आणि त्या चाकाच्या खुर्चीवरून कारखाना चालवीत.

लेगोचा जन्म तर मंदीतला. डेन्मार्कमधील बिलुंड या गावचे सुतार ओले कर्क क्रिस्तियानसेन यांना घरबांधणीची कामे मिळेनाशी झाली, तेव्हा १९३२ मध्ये ते लाकडी खेळणी करू लागले. ‘चांगले खेळा’ अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांपासून त्यांनी १९३४ मध्ये लेगो हे नाव बनवले. आज आपण पाहतो त्या, एकमेकींत घट्ट बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या विटेचे पेटंट २८ जानेवारी १९५८ चे आहे आणि तेव्हाची वीट आजच्या विटेत बसते. आठ गुंड्यांच्या अवघ्या सहा विटा ९१ कोटींहून अधिक प्रकारे जोडता येतात, असे गणिताने दाखवले आहे. आमच्या मते कोणत्याही खेळण्याची यापेक्षा चांगली शिफारस सापडणे कठीण. संच महाग असतो हे खरे. पण आजोबांनी घेतलेला संच नातवाला चालतो, ही गोष्टही त्या किमतीत धरावयास हवी.

पुढील काही नावे सर्वांच्या ओळखीची आहेत. १९४५ च्या नाताळपूर्वी फिलाडेल्फियातील एका दुकानात पायऱ्या उतरणारी स्प्रिंग मांडली गेली आणि दीड तासात ४०० नग संपले. आपल्या जत्रांत मिळणारी रंगीबेरंगी प्लॅस्टिकची स्प्रिंग ही तिचीच बहीण. बार्बी १९५९ ची. हंगेरीचे अर्नो रुबिक यांनी आपला घन १९७४ मध्ये बनवला आणि १९८० पासून तो जगभर विकला गेला. भारतात फनस्कूलचा कारखाना १९८० च्या दशकात गोव्यात निघाला आणि परदेशी नावांची खेळणी येथील मध्यमवर्गाच्या आवाक्यात येऊ लागली.

स्वतः खेळणारी खेळणी

१९८३ च्या नाताळात अमेरिकेतील दुकानांत कॅबेज पॅच नावाच्या बाहुलीसाठी पालकांमध्ये अक्षरशः धक्काबुक्की झाली. १९९६ मध्ये गुदगुल्या केल्यावर हसणाऱ्या एल्मोसाठी आणि १९९८ मध्ये फर्बीसाठी तशीच झुंबड उडाली. या दोन खेळण्यांत बॅटरी होती. हसणे आणि बोलणे खेळणेच करीत होते. १९८९ चा निन्टेंडोचा गेम बॉय मुलांच्या खिशात गेला. जपानमध्ये १९९६ च्या अखेरीस निघालेले तामागोची हे अंड्याएवढे यंत्र वेळेवर ‘जेवू’ घातले नाही तर मरत असे, म्हणून मुले ते शाळेतही जवळ बाळगीत. २००७ मध्ये आयफोन आणि २०१० मध्ये आयपॅड आला. त्यानंतर अनेक घरांत नाताळची भेट आणि आईवडिलांचा मोबाइल यांतील सीमा पुसट झाली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांखालील बालकांना पडद्यासमोर बसवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तासाहून अधिक वेळ नसावा. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या पत्रात (परिच्छेद २७५) याच विषयाला हात घातला आहे. मुलांपासून यंत्रे हिरावून घ्या असे ते म्हणत नाहीत. प्रत्येक गोष्ट यंत्राच्या वेगाने मिळत नसते, वाट पाहावी लागते, हे कुटुंबाने शिकवावे, असा त्यांचा आग्रह आहे. आगमनकाळात हा परिच्छेद घरी वाचण्याजोगा आहे.

अलीकडची गोष्ट अधिक काळजीची. इंटरनेटला जोडलेली, मुलांचे बोलणे ऐकणारी केला नावाची बाहुली २०१७ च्या फेब्रुवारीत जर्मनीने छुपे श्रवणयंत्र ठरवून बंद केली. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोलणारे एक टेडी अस्वल विक्रीतून मागे घेण्यात आले. तपासणीत ते मुलांशी आगपेटी, सुऱ्या आणि लैंगिक विषयांवर बोलताना आढळले होते.

घेताना काय पाहावे

भारतात १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना त्यातून सूट आहे, म्हणून अशा कारागिराकडील लाकडी फळावर चिन्ह नसले तरी तेवढ्याने ते बेकायदेशीर ठरत नाही. रस्त्यावरील बॅटरीच्या मोटारीवर मात्र ते नसेल तर ती घेऊ नये.

सर्वांत मोठा धोका नाण्याएवढ्या चपट्या बॅटरीचा आहे. गाणारी शुभेच्छापत्रे, चमकणाऱ्या सांता-टोप्या, छोटे रिमोट यांत ती असते. मुलाने ती गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर लाळेमुळे विद्युतप्रवाह सुरू होतो, तेथे तीव्र अल्क तयार होते आणि दोन तासांत आतील भाग गंभीररीत्या भाजू शकतो. मूल रडेलच असे नाही. शंका आली तरी उलटी करवू नये. एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ न्यावे आणि बॅटरी गिळल्याचा संशय आहे हे दारातच सांगावे. लहान शक्तिशाली लोहचुंबकही तितकेच घातक : दोन गिळले गेले तर आतड्याच्या भिंती चिमटीत धरून ते छिद्र पाडतात. तीन वर्षांखालील मुलासाठी खेळण्याचा कोणताही भाग सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाच्या नळीत मावता कामा नये, ही आंतरराष्ट्रीय कसोटी घरीही वापरता येते.

अनेक धर्मग्रामांत नाताळपूर्वी गरजू मुलांसाठी जुनी खेळणी गोळा केली जातात. त्या पेटीत टाकण्यापूर्वी बॅटरीच्या झाकणाचा स्क्रू जागेवर आहे काय, डोळे व चाके घट्ट आहेत काय, रंगाचे पोपडे निघत नाहीत ना, हे पाहून घ्यावे. स्क्रू हरवला असेल तर बॅटरी काढून, आधी चिकटपट्टीत गुंडाळून वेगळी टाकावी आणि खेळणे बॅटरीविनाच द्यावे. चाके असलेली मोटार हाताने ढकलूनही चालते.