संगणक आला, पण नेमकं कोणतं काम बदललं?

'स्वस्त संगणकांनी ऑफिसचं काम कसं बदललं?' हा विषय संशोधनासाठी फार मोठा आहे. एक ठिकाण धरा. उदाहरणार्थ, वारणानगर.

१९९८ मध्ये कोल्हापूर-सांगली जिल्ह्यांतल्या सुमारे ७० गावांसाठी 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. गावोगावी संगणक-केंद्रं आली. बाजारभाव, शेतीसल्ला, सरकारी माहिती, सगळं गावात मिळणार होतं. प्रत्यक्षात रुजलं ते साखर कारखान्याचं दप्तर: ऊसनोंद, तोडणी, वजन, बिल. त्यासाठी कारखान्यावर मारावी लागणारी खेप वाचली.

पुढे संशोधकांनी केंद्रांवर बसून पाहिलं, तर मुख्यतः हेच काम चाललेलं. मग त्यांनी ७ गावांत तेच काम मोबाइलच्या एसएमएसवर करून दाखवलं, तेही कमी खर्चात!

यातून काय घ्यायचं? यंत्राची घोषणा वाचून थांबू नका. नोंद आधी कोण लिहायचं, नंतर कोण टाइप करू लागलं, ती बघायला कोणाला किती लांब जावं लागायचं, हे विचारा. वाईकरांना भुईंजचा कारखाना जवळच आहे. १९९८ साली तिशीत असलेले कारकून आता निवृत्त होतायत. रजिस्टरं कदाचित राहतील, त्यांच्या आठवणी नाही. लवकर जा.