कातिबाचा बोरू ते कृत्रिम बुद्धिमत्ता : उर्दू ग्रंथव्यवहारातील श्रमाचा इतिहास

प्रास्ताविक

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले. निबंध, भाषांतर, पत्रव्यवहार, इतकेच नव्हे तर संगणकाच्या आज्ञावली लिहिण्यासाठीही त्याचा वापर होऊ लागला. तेव्हापासून महाविद्यालयीन शिक्षकांपुढे दोन प्रश्न उभे आहेत. विद्यार्थी यापुढे स्वतः लिहितील काय? आणि आज त्यांना जे कौशल्य शिकवले जाते, त्याला उद्या बाजारात मोल राहील काय? हे प्रश्न नवे वाटत असले तरी उर्दू ग्रंथव्यवहार अशा स्थित्यंतरातून यापूर्वी गेला आहे. कातिब आणि भाषांतरकार या दोन व्यवसायांचा इतिहास पाहिल्यास आजच्या बदलाचे स्वरूप अधिक स्पष्ट होते.

शिळाछापाने दिलेला रोजगार

यंत्र आले की हातचे काम जाते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. उर्दूच्या बाबतीत प्रारंभी याच्या उलट घडले. इ. स. १८०० मध्ये कलकत्त्यात स्थापन झालेल्या फोर्ट विल्यम कॉलेजने उर्दू पुस्तके शिशाच्या खिळ्यांनी छापली. परंतु वाचकांना ते वळण रुचले नाही. त्यांच्या सवयीची लिपी नस्तालीक होती. या लिपीत शेजारच्या अक्षरानुसार प्रत्येक अक्षराचे रूप बदलते आणि शब्द वरून खाली तिरका उतरत जातो. अशा लिपीसाठी खिळे पाडणे अत्यंत जिकिरीचे होते.

बव्हेरियातील आलोइस झेनेफेल्डर याने १७९६ च्या सुमारास शोधलेल्या शिळाछापाने ही अडचण दूर केली. कातिबाने बोरूने व तेलकट शाईने लिहिलेला मजकूर दगडावर उतरवायचा आणि त्यावरून प्रती काढायच्या, अशी ही पद्धत होती. १८२० च्या दशकात ती भारतात रुजू लागली. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये मराठी पंचांग शिळाछापावरच छापले. मराठी पुढे खिळ्यांकडे वळली. उर्दू मात्र दगडावरच राहिली. लखनौत मुन्शी नवल किशोर यांनी १८५८ मध्ये सुरू केलेला छापखाना या पद्धतीचे सर्वांत मोठे केंद्र ठरला.

हस्तलिखितांच्या काळात कातिबाच्या एका मेहनतीतून एकच प्रत निघे. आता तिच्यातून शेकडो प्रती निघू लागल्या. पुस्तके स्वस्त झाली, वाचक वाढले, वृत्तपत्रे निघाली आणि कातिबांची मागणीही वाढली. यंत्राने लेखणी काढून न घेता तिला अधिक काम दिले.

दुसऱ्या नजरेची व्यवस्था

या व्यवस्थेचा एक भाग सहसा दुर्लक्षिला जातो. कातिब चुका करीत असत. त्यांच्या चुकांना 'सह्व-ए-किताबत' असे नावच पडले होते. मिर्झा गालिब यांनी आपल्या पुस्तकांतील छपाईच्या चुकांबद्दल पत्रांतून नाराजी व्यक्त केली आहे. म्हणून छापखान्यात कातिबाखेरीज आणखी दोन माणसे लागत. मुसह्हिह मजकूर तपासून चुका दाखवीत असे आणि संगसाज दगडावर उलटी अक्षरे लिहून त्या दुरुस्त करीत असे. लिहिणारा एक आणि तपासणारा दुसरा, अशी ही श्रमविभागणी होती.

हीच रीत हैदराबादच्या दारुल तर्जुम्यात दिसते. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उर्दू माध्यमातून उच्च शिक्षण द्यायचे ठरले. त्याची पूर्वतयारी म्हणून १९१७ मध्ये हा भाषांतर विभाग उघडण्यात आला होता. त्याचे पहिले प्रमुख मौलवी अब्दुल हक हे होते. अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे चिटणीस या नात्याने त्यांनी दीर्घकाळ औरंगाबादेतून (आजचे छत्रपती संभाजीनगर) काम केले. मराठवाडा त्या वेळी निजामाच्या राज्यात असल्याने या प्रयोगाचा मराठी भाषकांशीही थेट संबंध आला.

दारुल तर्जुम्यात भाषांतरकाराने लिहिलेले पुस्तक तसेच छापखान्यात जात नसे. पारिभाषिक शब्द ठरविण्यासाठी भाषेचे जाणकार व त्या त्या विषयाचे तज्ज्ञ एकत्र बसत. भाषेच्या तपासणीसाठी 'नाझिर-ए-अदबी' हे स्वतंत्र पद होते. नज्म तबातबाई आणि पुढे जोश मलीहाबादी यांच्यासारख्या कवींनी हे काम केले. शब्दांची घडण कोणत्या तत्त्वांवर व्हावी, याचे विवेचन वहिदुद्दीन सलीम यांनी 'वज-ए-इस्तिलाहात' या ग्रंथात केले. अचूकतेची जबाबदारी एकट्या भाषांतरकारावर सोडलेली नव्हती, ती संस्थेने स्वीकारली होती.

यंत्राने घेतलेला रोजगार

१९८१ मध्ये परिस्थिती पालटली. पाकिस्तानातील सुलेखनकार मिर्झा अहमद जमील यांनी मोनोटाइप कंपनीच्या साहाय्याने 'नूरी नस्तालीक' हा संगणकीय टंक सिद्ध केला. त्यासाठी सुमारे वीस हजार जोडरूपे तयार करावी लागली. त्याच वर्षी दैनिक 'जंग'च्या लाहोर आवृत्तीने हा टंक वापरात आणला. १९९४ मध्ये दिल्लीच्या कॉन्सेप्ट सॉफ्टवेअर या कंपनीचे 'इनपेज' आले आणि साध्या संगणकावरही नस्तालीक जुळविणे शक्य झाले. त्यानंतर उर्दू वृत्तपत्रांतील किताबतीचे विभाग झपाट्याने ओस पडले. १९२७ मध्ये चेन्नईत स्थापन झालेले 'द मुसलमान' हे दैनिक एकविसाव्या शतकातही कातिबांच्या हस्ताक्षरात निघत राहिले. पण तो अपवाद होता.

या बदलाच्या दोन बाजू आहेत. पहिली बाजू अशी की, यंत्राची अक्षरे शून्यातून आली नव्हती. ती एका सुलेखनकाराच्या हातातून आणि कातिबांच्या पिढ्यांनी घडविलेल्या वळणातूनच आली होती. मात्र ती एकदा यंत्रात गेल्यावर रोजच्या कामासाठी कातिबाची गरज उरली नाही. दुसरी बाजू अशी की, उस्ताद-शागिर्द परंपरेत घडलेल्या प्रौढ कातिबाला नव्या कामाकडे नेणारा पूल वेळेवर बांधला गेला नाही. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषदेने पुढे संगणक व बहुभाषिक डीटीपीचे, तसेच सुलेखन व ग्राफिक डिझाइनचे अभ्यासक्रम चालविले. त्यांचा नव्या पिढीला उपयोग झाला. बोरूवर आयुष्य घालविलेल्यांसाठी ते उशिरा आले.

आजचा प्रसंग

कृत्रिम बुद्धिमत्तेची भाषिक प्रारूपे माणसांनी लिहिलेल्या प्रचंड मजकुरावर घडविली जातात. कातिबाच्या वळणाचे जे झाले, तेच आता लेखक व भाषांतरकारांच्या वाक्यांचे होत आहे. गूगलने २०१७ मध्ये मराठीसह अनेक भारतीय भाषांसाठी न्यूरल पद्धतीचे भाषांतर सुरू केले. २०२२ मध्ये केंद्र शासनाचा 'भाषिणी' हा उपक्रम आला. कातिबाची जागा घेणाऱ्या डीटीपी चालकाचे आणि प्राथमिक भाषांतर करणाऱ्याचे काम आता यंत्राच्या आवाक्यात आले आहे. ज्या अभ्यासक्रमांनी कालचा पूल बांधला, त्यांच्याच विद्यार्थ्यांवर हा परिणाम होणार आहे.

तथापि यंत्राची चूक कातिबाच्या चुकीहून वेगळी आहे. कातिबाचा सुटलेला नुक्ता वाचकाच्या नजरेत भरतो. प्रारूप मात्र पुढचा संभाव्य शब्द जुळवीत जाते, त्यामुळे चुकीचे विधानही ते सफाईदार भाषेत मांडते. अस्तित्वात नसलेल्या ग्रंथाचा हवाला देते, कायद्यातील वा धर्मशास्त्रातील संज्ञेला जवळचा पण चुकीचा प्रतिशब्द देते. ज्या भाषांचा मजकूर संगणकावर कमी आहे, तेथे हा धोका अधिक. शिळाछापाच्या जुन्या उर्दू पुस्तकांतील नस्तालीक वाचणे यंत्राला आजही अवघड जाते. यंत्राला दुसरी नजर हवी आहे, आणि तिच्यासाठी लागणारी माणसे अभ्यासक्रमांतून घडलेली नाहीत.

यातून शिक्षकांसाठी काही दिशा मिळतात. यंत्राने केलेले भाषांतर वर्गात देऊन त्यातील चुका कारणांसह शोधण्यास विद्यार्थ्यांना सांगता येईल. प्रत्येक हवाला मूळ ग्रंथात उघडून पाहण्याची सवय लावता येईल. लेखी कामाला तोंडी परीक्षेची जोड देता येईल. डीटीपी व भाषांतराच्या अभ्यासक्रमांत मुद्रितशोधन, परिभाषा आणि एका विषयाचे सखोल ज्ञान यांना गुण देता येतील.

समारोप

शिळाछापाने काम दिले, कारण त्या यंत्राला कातिबाचा हात लागत होता. संगणकाने ते घेतले, कारण तो हात यंत्राच्या आतच गेला. माणूस कामाच्या कोणत्या टप्प्यावर उभा आहे, यावर त्याचा रोजगार ठरत आला आहे. आज केवळ टंकलेखन वा शब्दशः भाषांतर शिकवून बाहेर पाठविलेला विद्यार्थी १९९४ च्या कातिबाच्याच जागी उभा राहील. त्याला मुसह्हिह आणि नाझिर यांचे काम शिकविण्यासाठी भाषा व विषय दोन्ही जाणणारे शिक्षक लागतात. असे शिक्षक महाविद्यालयांत आहेत. त्यांच्या या कामाला वेळापत्रकात तासिका आणि परीक्षेत गुण मिळणे, ही आजची निकड आहे.