सिझेरियनची वैद्यकीय गरज : नाशिक जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

'अडलेली बाळंतीण' हा शब्दप्रयोग मराठीत जुना आहे. बाळंतपण अडले असे केव्हा मानायचे, ते कोणी ठरवायचे आणि त्यानंतर वाट पाहायची की शस्त्रक्रिया करायची, हा प्रश्न मात्र प्रत्येक काळाला नव्याने सोडवावा लागला आहे. सिझेरियनच्या 'वैद्यकीय गरजे'ची कल्पना कशी बदलत गेली, याचा मागोवा प्रस्तुत लेखात नाशिक जिल्ह्याच्या संदर्भात घेतला आहे.

मृत मातेच्या पोटात गर्भाची हालचाल जाणवल्यास उदर छेदून मूल बाहेर काढावे, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. जिवंत स्त्रीचा मूढगर्भ काढणे हे सर्वांत कठीण कर्म असून ते अधिपतीची अनुमती घेऊनच करावे, असाही तेथे निर्देश आहे. संमतीचा विचार इतका प्राचीन आहे. पण विचारावयाचे ते त्या स्त्रीला नव्हे! रुग्णाची स्वतःची संमती अनिवार्य आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली प्रकरणात २००८ मध्ये स्पष्ट केले.

डॉ. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये फिलाडेल्फिया येथे प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर प्रबंध सादर केला, तेव्हा पाश्चात्त्य देशांतही सिझेरियन हा अखेरचा उपाय होता. गर्भाशयाला काळजीपूर्वक टाके घालण्याची पद्धत जर्मनीच्या झेंगर यांनी १८८२ मध्ये नुकतीच मांडली होती. शस्त्रक्रियेने माता दगावण्याची शक्यता मोठी असल्याने 'गरज' या शब्दाचा अर्थही तेवढाच कठोर होता. पुढे निर्जंतुकीकरण, रक्तपुरवठा, प्रतिजैविके आणि गर्भाशयाच्या खालच्या भागातील आडवा छेद यांमुळे धोका घटला. धोका घटला तशी गरजेची व्याख्याही सैल होत गेली.

वार गर्भाशयमुखावर असणे, मूल आडवे असणे किंवा नाळ आधी बाहेर येणे अशा प्रसंगी सहसा वाद उद्भवत नाही. वाद असतो तो 'कळा पुढे सरकत नाहीत' या निदानाबाबत. येथे ऱ्होडेशियातील (आजचा झिंबाब्वे) फिलपॉट आणि कॅसल यांचे १९७२ मधील कार्य मूलगामी ठरते. दूरच्या दवाखान्यातील सुईणीला बाळंतिणीस मोठ्या रुग्णालयात केव्हा पाठवावे हे कळावे, म्हणून त्यांनी प्रसूतीच्या आलेखावर दोन रेषा आखल्या. पहिली सावधगिरीची; तिच्या चार तास पुढची दुसरी, कृतीची. गर्भाशयमुख तासाला एक सेंटिमीटर उघडावे, हा त्यामागील हिशेब होता. हा वेग अनेक निरोगी स्त्रियांना लागू पडत नाही आणि प्रसूतीची सक्रिय अवस्था पाच सेंटिमीटरपासून धरावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सांगितले. म्हणजेच पूर्वी ज्या स्त्रीचे बाळंतपण 'अडले' असे ठरले असते, तिला आज, माता व बाळ सुस्थितीत असल्यास, आणखी काही तास दिले जातील. स्त्रीचे शरीर तेच, मोजपट्टी बदलली.

या पार्श्वभूमीवर टक्केवारीच्या चर्चेकडे पाहावे लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील सिझेरियनचे प्रमाण २०१५-१६ मध्ये २०.१ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये २५.४ टक्के झाले. देशपातळीवर त्या वेळी खासगी रुग्णालयांत ४७.४, तर सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के प्रसूती शस्त्रक्रियेने झाल्या. एवढी तफावत केवळ शरीरधर्माने स्पष्ट होत नाही. पैसा, तक्रारीची भीती, डॉक्टरांचा वेळ आणि कुटुंबाने काढलेला मुहूर्त यांचाही त्यात वाटा असतो. तथापि जिल्ह्याचा एकच आकडा दोन परस्परविरोधी वास्तवे झाकू शकतो. नाशिक शहरात भूलतज्ज्ञ आणि रक्तपेढी हाताशी असतात. सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातील पाड्यावरून निघालेल्या बाळंतिणीला घाटरस्ता ओलांडावा लागतो. तिच्या बाबतीत उशिरा झालेले सिझेरियन हीच खरी समस्या असू शकते. २०११ च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सरकारी रुग्णालयातील सिझेरियन विनामूल्य केले, पण अंतर मिटवले नाही.

पूर्वीच्या सिझेरियनचा प्रश्न तर यापेक्षाही गुंतागुंतीचा आहे. 'एकदा सिझेरियन, तर नेहमीच सिझेरियन' हे न्यूयॉर्कच्या क्रेगिन यांचे १९१६ मधील विधान उभ्या छेदाच्या काळातील होते. छेद बदलला, विधान मात्र टिकले. आडव्या छेदानंतर नैसर्गिक कळांत जुना व्रण फाटण्याचा धोका साधारण दोनशेत एकीला असतो. हे प्रमाण कमी असले, तरी तसे घडल्यास काही मिनिटांत शस्त्रक्रिया करावी लागते. ती सोय नसलेल्या तालुक्याच्या ठिकाणी डॉक्टर हा धोका पत्करत नाहीत, आणि त्यांना दोष देणेही योग्य नव्हे. पहिल्या वेळी छेद कोणता घेतला, गर्भाशयमुख किती उघडले होते आणि शस्त्रक्रिया कोणत्या कारणाने झाली, या नोंदी डिस्चार्ज कार्डावर नसतील, तर दुसऱ्या बाळंतपणात नाशिकच्या सुसज्ज रुग्णालयातील तज्ज्ञालाही नैसर्गिक प्रसूतीची संधी देणे अवघड होऊन बसते.